माझं पाणी, अळूचं कौतुक

मी बोलतोय, भोरच्या मानसिंगरावांच्या बागेतला हौद. संस्थानच्या नोकरीत त्यांना बढती मिळाली, त्या वर्षी, म्हणजे सन बत्तीसला, त्यांनी मला हौसेनं बांधून घेतलं. काळा दगड, मधोमध कमळं, बसायला रुंद काठ. माझा तोरा काय सांगू!

पुढं माझ्या एका कोपऱ्याला फट पडली आणि भिंतीपलीकडचं अळू माजलं. बाग राखणाऱ्या फुलाबाईंनी लावलेलं. सुपाएवढी पानं! आळीतल्या बायका पानं न्यायला यायच्या, माझ्याच काठावर बसून देठ सोलायच्या आणि गोडवे मात्र अळूचे गायच्या. "न्हाणीचं पानी लागलंय त्याला," फुलाबाई ऐटीत सांगायच्या.

न्हाणीचं? अहो, माझं पाणी ते, माझं! त्या अळूचा मला इतका हेवा वाटायचा की त्याला कीड लागावी असं रोज मनात यायचं.

सकाळी भरलेला मी संध्याकाळी निम्मा व्हायचो. कमळांनी माना टाकल्या. मानसिंगराव वैतागून म्हणाले, "गळती थांबली तर ठीक, नाहीतर माती भरून गुलाब लावतो."

हरिबा गवंडी आले. दिसेल ती भेग त्यांनी बुजवली, तरी पाणी ओसरतच राहिलं. मग त्यांनी मला काठोकाठ भरून घेतलं आणि वर गव्हाचा कोंडा भुरभुरला. कोंडा हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकला. हरिबांनी त्या कोपऱ्यामागची माती उकरली, तर हाताला अळूची मुळं लागली.

"फुलाबाई, तुमचं अळू हौदाचं पानी पितंय बगा."

"काय तरीच! न्हाणीचं हाय ते."

"न्हाणीचं तर तिकडं वड्याला जातंय. हितं त्याचा थेंब न्हाई येत."

मला कोण आनंद झाला! फुलाबाईंनी मात्र वाकून ती मुळं चाचपली. मग म्हणाल्या, "बुजवा. एवढ्या चांगल्या हौदात माती नगं पडाय. अळू गेलं तर जाऊ द्या."

चुन्यात घालायला डोंगरातले हिरडे त्यांनीच कुटले, गूळही त्यांनीच भिजवला. हरिबांनी मला रिकामा करून फट लिंपली.

उन्हाळ्यात अळू वाळून गेलं. मी जिंकलो. कमळं फुलली, पाणी बोटभरसुद्धा ओसरलं नाही.

पण काठावर आता कुणी बसत नाही. फुलाबाईंनी उरलेले कंद विहिरीच्या थारोळ्याशी, मोट रिकामी होते तिथं, नेऊन लावले. बायका तिकडेच जातात. त्यांचं हसणं इथवर ऐकू येतं आणि आता मी त्या विहिरीवर जळतो.

हरिबा, कधी इकडं आलात तर त्या कोपऱ्याला पहारीचं टोक जरासं लागू द्या. फुलाबाईंना माझं नाव सांगू नका. म्हणावं, न्हाणीचं पाणी आलंय.