अठ्ठ्याण्णव टक्के रक्त

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. तरीही माणसं आत घुसत होती, कारण आत रक्त फुकट वाढत होतं. फुकट म्हणजे, दानपेटी दारातच होती.

मंचावर रक्तबाबा. त्यांच्यासमोर झाकलेलं पातेलं, बाजूला गरम टॉवेल आणि बोटाला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र. आजाऱ्याने पातेल्यातल्या ‘शुद्धीच्या पाण्यात’ हात बुडवून बसायचं. मग बाबा यंत्र लावत. यंत्राच्या पडद्यावर आकडाच नाही, नुसत्या रेघा!

“पाहिलंत? रक्त आटलंय!” बाबा गरजत. हात टॉवेलात गुंडाळून ते डोळे मिटत, बराच वेळ ओठ हलवत आणि यंत्र पुन्हा लावत. “अठ्ठ्याण्णव! दोन टक्के मी राखून ठेवतो, माणसाला अहंकार नको म्हणून.”

टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेत सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती माझी ताई. तिची मूत्रपिंडं थकलेली, रक्त कमी. बाबांच्या शब्दावर दोन महिन्यांपासून तिनं रक्त वाढवणारं इंजेक्शन सोडलं होतं.

“ताई, लॅबनं हिमोग्लोबिन सात सांगितलंय. घरी चल.”

“गप रे! तिथं सात, इथं अठ्ठ्याण्णव. जास्त कुठलं? शाळेत विज्ञान शिकवतोस ना?”

हिशेबात ताईचा हात कोण धरणार! पण एवढं बोलतानाही तिला धाप लागली. ओठ पांढरेफटक पडले होते. मला संताप आला, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

मी उठून उभा राहिलो. “बाबा, तुमच्या दारावरच्या पहिलवानाचं रक्त बघा की!”

लोक हसले. पहिलवान तर खूशच. “बघाच बाबा! रोज लोखंड उचलतो मी.” बाबा नको नको म्हणेपर्यंत गड्याचा हात पातेल्यात गेलाही.

“आई गं! बर्फच आहे की हा!”

थोड्या वेळानं मंचावर चढून मीच यंत्र लावलं. रेघा. “अरेरे, पहिलवान गेले!” मी म्हणालो.

“याच्या मनात पाप आहे,” बाबा पुटपुटले.

“पाप कसलं? तुमच्याच दारात उभा असतो मी!”

मग मी ताईच्या कोरड्या, उबदार बोटाला यंत्र लावलं. ना पाणी, ना पुटपुट. अठ्ठ्याण्णव. माझं अठ्ठ्याण्णव. बाबांचंही अठ्ठ्याण्णवच. ताईचं रक्त आणखी कमी होत गेलं असतं तरी जवळजवळ शेवटपर्यंत तोच आकडा दिसला असता.

“गारठ्यानं बोटातल्या नसा आकसतात, यंत्राला काही दिसत नाही. ऊब मिळाली की दिसतं,” मी सांगितलं. “आणि हा आकडा रक्ताचा नाहीच. आहे त्या रक्तात प्राणवायू किती भरलाय, त्याचा आहे. घरात दोनच बादल्या उरल्या आणि त्या काठोकाठ भरल्या, तर घराला पाणी पुरेल का?”

“मग रक्त वाढवणार कोण?” ताईचा आवाज खाली आला होता.

“रक्त बनवा, असा निरोप मूत्रपिंडं हाडांतल्या मज्जेला धाडतात. तुझी थकलीत, निरोप जात नाही. इंजेक्शन म्हणजे तोच निरोप. डॉक्टर लोह देतात तो कच्चा माल.”

ताई उठली, दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसली. त्या गडबडीत बाबा मागच्या दारानं सटकले.

दवाखान्यात हिमोग्लोबिन पाचावर आलेलं निघालं. “इंजेक्शन चालू असतं, तर ही वेळ आली नसती,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी बाहेरचं रक्त चढवायला घेतलं. रक्तपेढीत रक्त द्यायला पहिलवान आला होता. मान खाली घालून म्हणाला, “मीच लोकांना आत सोडत होतो हो.”

ताई वाचली. सगळ्यांच्या ताया वाचतील असं नाही. म्हणून सांगतो, कुणी आकडा दाखवला तर आधी विचारा, हा कशाचा? आणि औषध सोडायला सांगणाऱ्याला विचारा, उद्या मला धाप लागली तर तू कुठल्या दारानं जाशील?