वळणावरून नाहीशी झालेली पाटी

‘आकडो पोटभर काढूक होयो. उपाशी आकडो पावसात दिसणा नाय.’

मी ऐकलेला हा पहिला आवाज. गुलजार पेंटर माझ्या अंगावर काळा रंग चढवताना स्वतःशीच बोलत होते. त्यांचा ब्रश थंडगार होता आणि हात उबदार. खूप वर्षं झाली त्याला, पण तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो.

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. तीन कोनांची, लोखंडी पत्र्याची, पिवळ्या अंगावर काळे ‘३०’ मिरवणारी. डोंगर पोखरून, खाड्या ओलांडून जी रेल्वे आपल्या सिंधुदुर्गातून जाते, तिच्या कडेला मला उभं करतात. जिथं रूळ आजारी, जिथं दरड सैल, तिथं मी. मला शिट्टी नाही, दिवा नाही, तोंडसुद्धा नाही. येणाऱ्या गाडीला मी एवढंच सांगते : बाय गो, इथून पुढं ताशी तीसनं चल. चालकाजवळ वेगाचा कागद असतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. पण धो-धो पावसात ती जागा नेमकी कुठली, ते मी दाखवते.

माझी उमेदीची वर्षं चांगली गेली. एका पुलाजवळ मी सलग दोन पावसाळे उभी होते. एक म्हातारे चालक माझ्याजवळ आले की खिडकीतून हात वर करायचे, जसा शेजाऱ्याला करावा तसा. डब्यातले लोक मात्र वैतागायचे. ‘‘काय रे ही गाडी! बैलगाडी बरी!’’ ‘‘उतरून चलत गेलो तर आधी पोचान!’’ मला राग यायचा नाही. घरी जायची घाई कुणाला नसते? त्यांच्या पिशव्यांतून भिजलेल्या फुलांचा नि सुक्या बांगड्यांचा वास यायचा, आणि मी मनात म्हणायचे, जा बाबांनो, उशिरा जा, पण जा.

पुढं पूल दुरुस्त झाला. मला उपटलं आणि कामगारांच्या खोपीमागं टाकलं. तिथं किती वर्षं गेली, मोजली नाहीत. पावसानं पिवळा रंग धुतला, गंजानं तीन कुरतडला, शून्याला भोक पाडलं. दुपारी कुणी माझ्यावर बसून भाकरी खाई, कुणी माझ्यावर चिखलाचे बूट ठेवी. रंगाचा एक हात, बस्स, एवढंच मला हवं होतं. पण पडलेल्या पाटीला कोण विचारतं?

मग गेल्या जुलैत, सलग चार दिवसांच्या पावसानंतर, बाबलीनं मला उचललं.

बाबली रेल्वेचा चावीवाला. रोज सकाळी हातोडा खांद्यावर घेऊन रुळावरून मैलोन्‌मैल चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, हे त्याचं काम. राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, वळणावरची दरड ओली होऊन फुगली होती. वरून हुकूम आला, तिथं गाडी तीसनं न्या. माझ्या अलीकडं आधी इशारा देणारी आणखी एक पाटी लागते. ती त्या दिवशी कुठं मिळालीच नाही.

‘‘उद्या येताली म्हणतत,’’ बाबली मला म्हणाला. ‘‘आज तूच काय ता सांभाळ.’’

त्यानं भर पावसात खड्डा खणला. लाल मातीचा नुसता काला झालेला. सिमेंट नव्हतं. त्यानं माझ्या पायाशी चार चिरे कोंबले, दोनदा हलवून पाहिलं, आणि छत्री तोंडात धरून हात पुसत निघून गेला. तो आळशी नव्हता, मित्रांनो. त्याला अजून सहा मैल जायचं होतं.

पहाटे वारा सुटला. चिरे एकेक करून सरकले आणि मी गटारात आडवी झाले. आकड्यावर चिखल, पाठीवर पाणी. ओरडायला गेले तर तोंड नाही.

उजाडल्यावर पावलं वाजली. रुळाकडेच्या घरातल्या राधाबाई टाकळ्याची भाजी खुडायला आल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या, पदर खोचून भरभर चालणाऱ्या. त्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, कोंबड्यांचा गुडा, म्हणजे खुराडा होता. त्याचं छप्पर गळत होतं आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. रात्रभर त्यांचा आवाज मी वळणावरून ऐकला होता :

पावसा रे पावसा,
जरा बाजूक तू सर,
माझ्या कोंबडीचा घर
भिजता रे.

त्यांनी मला उलटंपालटं केलं. गंजलेली, भोकाची, आकडा अर्धा गेलेली.

‘‘टाकून दिली मगे ही,’’ त्या म्हणाल्या.

आता तुम्ही त्यांना चोर म्हणू नका. रेल्वे आली तेव्हापासून इथला रिवाजच तो. गटारात टाकलेली जुनी लाकडं कुणाच्या कुंपणाला लागली, वाकलेला लोखंडाचा तुकडा कुणाच्या गोठ्यात खुंटी झाला. रेल्वेनं टाकलं ते गावानं उचललं. कधी कुणी हटकलं नाही. मी रंगवलेली, लखलखीत असते, तर राधाबाईंनी मला हातही लावला नसता; धावत जाऊन बाबलीला सांगितलं असतं. पण मी टाकलेलीच दिसत होते. त्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि गुड्यावर पालथी घालून वर दगड ठेवला. खाली कोंबडी समाधानानं कुरकुरली. अंडी कोरडी राहिली.

दीड तासानं पॅसेंजर गाडी आली.

मी पालथी होते. मला दिसलं काहीच नाही. ऐकू मात्र सगळं आलं; जे दिसलं नाही, ते पुढं खळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून जोडलं. गाडीचा आवाज नेहमीपेक्षा लांब, सलग, वेगाचा. मी पत्र्याचा जीव गोळा करून म्हणत होते, हळू, हळू, हळू. मग वळणावर मातीचा धस्स असा आवाज, ब्रेकची किंकाळी, आणि पाठोपाठ दोन डबे रुळांवरून उतरून खडीत घसरत गेल्याचा तो आवाज. तो मी सांगणार नाही. त्यानंतर क्षणभर नुसता पाऊस ऐकू आला.

सगळ्यांत आधी धावल्या त्या राधाबाई. खिडक्यांतून बायकामुलांना त्यांनी हात देऊन काढलं. घरातली सगळी लुगडी फाडून पट्ट्या केल्या. संचिता नावाच्या एका शिक्षिकेचा हात मोडला होता. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या तासभर पावसात बसल्या. गाडीचे चालक सिराज यांच्या कपाळातून रक्त येत होतं. ते स्वतःला पट्टी बांधू देईनात. ‘‘आधी मागचे बघा, काकी, मागचे,’’ एवढंच म्हणत होते. सतराजण जखमी झाले. जीव कुणाचा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रेल्वेचे साहेब खळ्यात आले. ‘‘आजी, वळणावर तीसची पाटी होती. तुम्ही पाहिलीत का?’’

राधाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. तेव्हा त्यांना कळलं, मित्रांनो. त्या क्षणी. साहेबांच्या मागं बाबली उभा होता, डोळे लाल.

‘‘मी रोवली होती, काकी. देवाची शपथ. आणि तो डायवर म्हणता, थंय पाटी नव्हतीच. माका खोटो पाडता तो!’’

राधाबाई पुन्हा पाखडू लागल्या. सांगावं तर पाटी पडली होती हे उघड होणार, आणि बाबलीची नोकरी जाणार. त्यांच्या तापात औषध आणणारा, पावसात त्यांचं छप्पर शाकारणारा बाबली. न सांगावं तर सिराज खोटा ठरणार.

‘‘नाय बाबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मिया काय बघूक नाय.’’

साहेब गेल्यावर त्यांनी माडाच्या झावळ्यांचा झाप आणून माझ्यावर घातला. मी झापाखाली अंधारात गेले.

ग्रामपंचायतीनं राधाबाईंचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, पेपरात फोटो आला. शेजारची हौसाबाई खळ्यात येऊन ओरडली, ‘‘गो राधा, फोटोत तरी हसाचा होता गो! कोणी मेल्यासारखा तोंड कित्याक केलंस?’’ राधाबाईंनी ती शाल एकदाही अंगावर घेतली नाही.

तीन आठवड्यांनी सिराज आले. नोकरीवरून बाजूला केलेले. कपाळावर व्रण. ते मूळचे देवगडकडचे, बोलणं आपल्यासारखंच. राधाबाईंनी पाणी दिलं. ते माझ्या शेजारच्या पायरीवर टेकले. कोंबडीची अकरा पिल्लं तोवर बाहेर आली होती. ती त्यांच्या बुटांच्या नाड्या टोचू लागली.

‘‘आभार मानूक इलंय, काकी. त्या दिवशी राह्यला.’’

‘‘माझे कसले आभार, झिला?’’

‘‘कागद माझ्या खिशात होतो. तीस लिवलला होता. माझी पण चूक आसा, मी नाय म्हणणा नाय. मैलाचो दगड गवतात गेलेलो, माका वाटला वळण अजून पुढे आसा. पाटी दिसली की ब्रेक मारूया, म्हणून बघत होतंय. बघत होतंय, बघत होतंय...’’ त्यांनी पाण्याचा घोट घेतला. ‘‘आता रातीक झोपेत पण पाटीच बघतंय. घरातली म्हणतत, सिराज, तुझ्या डोळ्यांकच काय तरी झाला असात. माका पण तसाच वाटाक लागला. सोमवारी शेवटची चौकशी आसा. माझे डोळे खोटे ठरले, तर परत इंजिनात बसूक गावाचा नाय. आणि खरा सांगू? डोळ्यांचो भरवसो नसलो तर बसू पण नये.’’

एका हाताच्या अंतरावर मी होते, मित्रांनो. वर फक्त एक झाप. राधाबाईंनी पिल्लांना ‘हुश्श’ केलं आणि आत जाऊन घावणे आणले. सिराजनी दोन खाल्ले, ‘‘बरे झालेत, काकी,’’ म्हणाले आणि पावसात निघून गेले.

त्या दिवशी मी खूप विचार केला. मोठमोठे लोक म्हणे आता विचारतात, या डोंगरातून गाड्या किती वेगानं न्याव्यात? शंभरनं? सव्वाशेनं? न्या बाबांनो, मला आनंदच आहे. पण शेकडो माणसांचा जीव गंजलेल्या एका पत्र्याच्या भरवशावर, चार चिऱ्यांवर उभा करू नका. सिमेंट द्या. दुसरी पाटी वेळेवर द्या. सहा मैल चालणाऱ्या बाबलीला सोबत एक माणूस द्या. आणि मुलांनो, तुमच्या वाटेवर कुठलीही पाटी पडलेली, वाकलेली, रंग उडालेली दिसली, तर तिला टाकलेली समजू नका. ती अजून काहीतरी सांगत असते. मोठ्यांना हाक मारा, तिला उभी करा.

रविवारी गावानं वळणावर नारळ द्यायचं ठरवलं. माझ्या गुड्यापासून हाकेच्या अंतरावर राखणदाराचं ठिकाण आहे, झाडाखाली एक दगड. गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं, बाळा घाडी घालतात. सिराजही आले होते, लांब उभे. बाळांनी त्यांना हाक मारली, ‘‘ओ डायवरानू, लांब कित्याक? गाडी सगळ्यांची, राखणदार सगळ्यांचो. पुढे येवा.’’ ते पुढं आले, तसा बाबली दोन पावलं मागं सरकला. त्या दोघांच्या मध्ये राधाबाई उभ्या राहिल्या.

बाळांचा आवाज चढला :

‘‘बा देवा राखणदारा म्हाराजा! आज सगळी लेकरा तुझ्या पायाकडे नारळ घेवन उभी आसत, तो मानून घे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळे म्हणाले.

‘‘हयसून जाणाऱ्या-येणाऱ्याक सुखरूप घराक पोचव म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘कळत नकळत कोणाकडसून काय चुकला असात, तर ता पोटात घाल म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

सगळे म्हणाले, पण एक आवाज त्यात नव्हता. तिन्ही वेळा नव्हता. मला राधाबाईंचा आवाज ओळखता येतो. बाळांनाही येत असावा. ते नारळ हातात धरून थांबले.

‘‘काय गो राधाबाय? ‘व्हय’ म्हणणंस नाय ती?’’

पाऊस थोडा उघडला होता. पागोळ्या तेवढ्या टपटपत होत्या.

‘‘कोणाकडसून म्हणू नको रे बाळा,’’ राधाबाई म्हणाल्या. ‘‘माझ्याकडसून म्हण. ती पाटी माझ्या गुड्यावर आसा. बाबलीन रोवलेली, ता खरा. वाऱ्यान गटारात पडलेली, ता पण खरा. मिया उचलून नेलंय, कोंबडी भिजता म्हणून. आणि सिराजा, तुका ती दिसली नाय, कारण ती थंय नव्हतीच. तुझे डोळे बरे आसत रे झिला. तुझे डोळे एकदम बरे आसत.’’