काळ्या रानातली सळई

“सिदू, सायबाला हिरीजवळचीच जागा दाव. माळावरनं पाण्याच्या दोन खेपा केल्या, की ही पोर माहेरला पळंल.”

शिवबाई लेकाला हळूच सांगत होती. पण तिची नवी सून बना सळयांची मोळी डोक्यावर घेऊन कुडाआड उभी होती. त्या मोळीत मी होते.

मी बनाच्या कमरेइतकी उंच, पोलादी सळई बोलतेय. आज शेळी बांधायची खुंटी झालेय. ऐन उमेदीत मात्र जमिनीची चौकशी करायचे. होटगीजवळ मजुरांची चाळ व्हायची होती; शिवबाईचं बिऱ्हाडही तिथंच राहणार होतं. भिंती मुरमावर उभ्या राहाव्यात म्हणून ठेकेदाराचा साहेब वीज मोजायची नवी पेटी घेऊन आला. आम्हा चौघी बहिणींना ओळीनं ठोकायचं. कडेच्या दोघींतून वीज सोडायची, मधल्या दोघींनी पेटीतल्या काट्याला खबर द्यायची. वीज अडली तर खाली टणक मुरूम, सहज वाहिली तर ओली माती, असा साहेबाचा हिशेब.

माळावर वीज अडली. विहिरीजवळच्या काळ्या रानातही तेवढीच अडली.

वीज नीट उतरावी म्हणून बना आमच्या पायाशी पाणी ओतत होती. सिदू हसला, “आगं, सायबाची सळई हाय ती, तुळस न्हवं!”

“इथंही मुरूम आहे. वरची हातभर काळी माती उकरू. चाळ इथंच,” साहेब म्हणाला. शिवबाईचा चेहरा खुलला. बनाचाही, जरासा.

मला कुठं बोलता येतं! वैशाखात काळी माती वाळून भेगाळते, भेगांत नुसती हवा भरते. वीज अडते ती त्या हवेनं. पावसात हीच माती फुगणार, भिंती तडकवणार. बाबांनो, वीज किती अडली एवढंच मी सांगते. भार पेलेल का, हे तेवढ्यावरून ठरवणं म्हणजे पाण्याच्या खेपांवरून सुनेची पारख करणं.

सामान आवरताना बनाच्या हातून मी एका भेगेत निसटले. डोक्यापर्यंत आत गेले, तरी टोकाला मुरूम लागला नाही. माझ्या डोक्याला अजून बांधलेल्या तारेला धरून तिनं मला वर ओढलं. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती, तर विहीर दारात होती.

बनानं विहिरीकडं पाहिलं, लांबच्या माळाकडं पाहिलं. पदर सावरून साहेबापुढं गेली.

“सायेब, ही सळई तितं भेगंत आख्खी गेली. मुरूम लागला न्हाय. चाळ माळावरच बांदा. ” मग सासूकडं वळली, “पानी मी आणीन की, आत्या.”