किटलीचा आजार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पट्टीबाबांनी दोन चिमट्यांत अडकवलेली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी पुढे केली, एका आजोबांनी तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि चिमट्यांना जोडलेला इवलासा दिवा लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"रोग पट्टीत उतरला!" बाबा गरजले. दिवा हळूहळू विझला. "आणि हा बघा, जळून खाक! आता कशाला हवं ते औषधांचं विष?"

शेवटच्या रांगेत बसलेल्या, प्लास्टिकच्या कारखान्यातल्या चाचणीवालीचं डोकं फिरलं. शेजारी तिचा थोरला भाऊ पाण्याची तिसरी बाटली रिकामी करत होता, तरी त्याचे ओठ सुकलेलेच. याच दिव्यावर विसंबून त्याने तीन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. समजावून समजावून तिच्या तोंडाला फेस आला होता.

कारखान्यात असल्याच पट्ट्यांतून वीज किती जाते, ते ती मोजायची. मोजण्याआधी पट्टी भट्टीत सुकवायची, हा पहिला नियम. एकदा तिच्या हातून सुकवणीच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं, पट्ट्यांना ओल लागली, दिवसभराचे आकडे भलतेच आले आणि साहेबांनी तिला फैलावर घेतलं होतं. त्याच चुकीवर हा माणूस देव होऊन बसला होता!

दाराशी चहाची किटली वाफाळत होती. ती उचलून चाचणीवाली तडक व्यासपीठावर चढली.

"बाबा, हिला बरं वाटत नाहीये."

बाबांनी पट्टी मागे घेण्याआधीच वाफ पोचली. दिवा लख्ख लागला.

"किटलीला कुठला रोग झालाय?" तिने विचारलं. लोक हसले. "या प्लास्टिकमध्ये विजेचा भार असलेले कण असतात. कोरडं असलं की ते जागचे हलत नाहीत. ओल शोषली की मोकळे होतात आणि बॅटरीची वीज पुढे जाते. वाळलं की दिवा गेला. संपला चमत्कार!"

"किटलीलाही बाधा झाली असेल," पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

चाचणीवालीने कपाळावर हात मारला. भाऊ भिंतीला धरून उभा राहिला होता. ती त्याच्यापाशी गेली.

"दादा, त्या दिव्याला फक्त ओल कळते रे. तुझ्या रक्तातली साखर त्याला कशी कळणार? ती मोजता येते. आधी दवाखान्यात मोज, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग हवं त्याच्या पाया पड."

व्यासपीठावरचा दिवा पुन्हा विझत होता. या वेळी टाळी वाजली नाही.

"माझं इन्सुलिन कुठंय?" भावाने विचारलं.

"माझ्या पर्समध्ये. तीन दिवस घेऊन फिरतेय."