मुकादमाची राखण

कोथरूडच्या त्या गल्लीत दोन गोष्टींवर कधी एकमत झालं नाही: पार्किंग आणि मुक्ताईचा कुत्रा. पार्किंगसाठी निदान मीटिंगा तरी व्हायच्या. कुत्र्याचा खटला मात्र गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच चालायचा आणि त्याची खबर मुक्ताईला मिळायची ती समोरच्या इमारतीचा वॉचमन मच्छिंद्र याच्याकडून. सकाळचा चहा पिता पिता तो तिला एकेक मेसेज वाचून दाखवायचा, तेही ज्याचा त्याचा आवाज काढून.

"हे ऐका. दत्तप्रसाद काका लिहितात, 'ज्यांना स्वतःलाच घर नाही त्यांनी कुत्रा पाळणे हा त्या मुक्या प्राण्यावर अन्याय आहे. सदर महिलेस कोणीतरी समजवावे.'"

"मंग त्याइनंच समजवावं ना," मुक्ताई म्हणाली. "रोज तं इथूनच जातेत फिराले."

ती बसायची ती जागा म्हणजे 'सुहासिनी' सोसायटीभोवती ठोकलेल्या निळ्या पत्र्यांची बाहेरची बाजू. आतली इमारत पाडून आता तिथं नुसता खड्डा होता. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मुक्ताई अकरा वर्षं राहिली होती. मालकीण म्हणून नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची चोवीस तासांची बाई म्हणून. नवरा गेल्यावर वाशीमकडून ती जी पुण्यात आली ती थेट त्या घरात, आणि नंतर दूध आणायला नि औषधं आणायला जेवढी बाहेर पडली तेवढंच तिचं पुणं. आजी गेल्या. मुलगा परदेशातून आला, तेराव्याला त्यानं तिला साडी नेसवली, "मावशी, तुम्ही आमच्या घरातल्याच," असं चारचौघांत म्हणाला आणि महिन्याभरात चाव्या बिल्डरच्या हाती देऊन निघून गेला. घरातल्या माणसानं घर गेल्यावर जायचं कुठं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

तिनं काम शोधलं नाही असं नाही. पण एजन्सीला तरण्या मुली हव्या होत्या. साठीला आलेली, जिना चढताना कठडा धरणारी बाई पेशंटला कशी उचलणार, असं त्यांनी तोंडावर विचारलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गावी दिराच्या घरात तिला जागा नव्हती. ती आली आणि ओळखीच्या गल्लीत, ओळखीच्या झाडाखाली बसली. आठ दिवसांत काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं.

कुत्रा सोसायटीचाच होता. आजींच्या ताटातली उरलेली पोळी ती त्याला जिन्यात घालायची. इमारत रिकामी झाली तेव्हा बिल्डरनं सगळ्यांची भाड्याची सोय लावून दिली, अगदी तळमजल्यावरच्या दवाखान्याचीसुद्धा. यादीतून हे दोघंच सुटले. पाडकाम चालू असताना हा पठ्ठ्या मजुरांसमोर बैठक मारून दिवसभर त्यांच्याकडे रोखून बघत बसायचा, म्हणून मजुरांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. ते नाव राहिलं, मजूर गेले.

आता मुक्ताईनं कुत्रा पाळावा का, यावर गल्लीतल्या सगळ्यांची मतं होती. फक्त ती कशी झोपते, हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं. फुटपाथवरच्या पहिल्याच महिन्यात कोणीतरी तिच्या अंगावरची चादर ओढली होती. त्यापुढचं ती कधी कोणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमला शिकवायला घेतलं. ती आडवी व्हायची, मच्छिंद्र मुद्दाम येऊन चादरीला हात लावायचा, मुकादम गुरगुरला की त्याला बिस्कीट मिळायचं. चार दिवसांत तो इतका तयार झाला की मच्छिंद्रनं पाचव्या दिवशी हात लावायला साफ नकार दिला. तेव्हापासून मुक्ताई रात्री डोळे मिटून झोपायला लागली. यात लाड नव्हता आणि हौसही नव्हती. लोक दाराला कडी लावतात, तिला दार नव्हतं.

नम्रता समोरच्या इमारतीत राहायची. हिंजवडीच्या कंपनीत कामाला. सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस यायच्या आधी पाच मिनिटं ती मुकादमपाशी उकिडवी बसायची. पोरगी मनानं चांगली, उगाच नावं कशाला ठेवा. तिनं मुकादमसाठी खाण्याची पाकिटं आणली, थंडीत लाल स्वेटर आणला. मुक्ताईसाठी तिनं माहिती आणली.

"मावशी, विश्रांतवाडीला बायकांसाठी एक निवारा आहे. मी स्वतः बोलले त्यांच्याशी. बेड आहे, दोन वेळचं जेवण आहे. फक्त..."

"कुत्रा नाई चालत."

"नाही चालत. पण मी बघते ना त्याचं. अ‍ॅडॉप्शनसाठी फोटो टाकते. त्याच्यासाठीही तेच बरं नाही का? इथे रस्त्यावर त्याला काय फ्यूचर आहे?"

मुक्ताईनं मुकादमकडे पाहिलं. तो स्वेटरची बाही चावत होता.

"ताई, त्याच्या जिवावर मले झोप येते," ती म्हणाली. "तिथं कोन जागंल माह्यासाठी?"

"तिथे दार असतं हो मावशी. कडी असते."

"असंल," मुक्ताई म्हणाली. पण ती गेली नाही. नम्रताची बस आली.

जानेवारीत मुक्ताईला ताप भरला. पहिले दोन दिवस तिनं मच्छिंद्रनं आणून दिलेल्या गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. गल्ली जागी झाली, दूधवाले गेले, शाळेच्या रिक्षा गेल्या, तरी ती तशीच पडून होती आणि मुकादम चादरीच्या टोकाशी बसून होता. नम्रता आली, तिनं दोन हाका मारल्या, मग फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ताप तरी बघावा म्हणून तिनं वाकून मुक्ताईच्या कपाळाकडे हात नेला.

मुकादमनं तो हात धरला.

मुक्ताईला सगळं दिसत होतं. नम्रताचं ओरडणं तिला ऐकू आलं, फुटपाथवर पडलेलं रक्त दिसलं. 'सोड' एवढा एक शब्द म्हणायचा होता. ती जिभेला जोर देत होती आणि घशातून नुसता वारा निघत होता. मच्छिंद्रनं काठी घेऊन मुकादमला पत्र्याच्या कोपऱ्यात रेटलं, तरी स्ट्रेचर आलं तेव्हा त्यानं पुन्हा झेप घेतली आणि स्ट्रेचर धरणाऱ्याची पोटरी फोडली. त्याला जे शिकवलं होतं तेच तो करत होता, जीव तोडून करत होता. मुक्ताईला आत सरकवलं तेव्हा तो अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारावर उड्या मारत होता.

कुत्री पकडणारी गाडी दुपारी आली. त्यांनी विचारलं, कुत्रा कोणाचा. दोन माणसांना चावलेल्या कुत्र्याचा मालक व्हायला कोण पुढं येणार? दत्तप्रसाद काका म्हणाले, "भटका आहे. भटका लिहा." हे मच्छिंद्रनं मुक्ताईला नंतर सांगितलं, तेव्हा त्यानं कोणाचाही आवाज काढला नाही.

मुक्ताई न्यूमोनियातून वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल ते सांगायला नको. नर्सला वाटलं, ही कामावरच्या कोणा मुकादमाबद्दल विचारतेय.

सहाव्या दिवशी नम्रता भेटायला आली. तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. सात टाके पडले होते. मुक्ताईनं ती पट्टी दोन्ही हातांत धरली आणि रडली.

"मावशी, तो आहे. ठीक आहे," नम्रता म्हणाली. "दहा दिवस पिंजऱ्यात ठेवून बघतात, रेबीज वगैरे नाही ना म्हणून. पण नंतर रस्त्यावर नाही सोडणार म्हणाले. चावणारा म्हणून लिहिलाय."

"मी आनतो ना त्याले. माहा हाये तो."

"तेच विचारलं मी. मालक असेल तर देतात. पण मालकाला पत्ता लागतो, लायसन्सला."

मुक्ताईकडे पत्ता होता. पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या आधार कार्डावर तो छापलेला होता: फ्लॅट नंबर सात, सुहासिनी. नम्रतानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत तिच्या हातात दिलं. फ्लॅट नंबर सातच्या जागी आता चाळीस फूट खोल खड्ड्यात पाणी साचलं होतं. निवाऱ्याचा पत्ता द्यावा तर तिथं कुत्रा चालत नव्हता.

मुक्ताईनं कार्ड पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. मग तिनं मनाचा हिय्या करून विचारलं, "ताई, तुमच्या नावावर घ्या ना. तुमाले तं तो आवडते."

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, खोटं कशाला बोलू? मला आता त्याची भीती वाटते. लिफ्टमध्ये कोणाचा कुत्रा असला तर मी जिन्यानं जाते. मला नाही जमणार."

मुक्ताईला तिचा राग यायला हवा होता. आला असता तर बरं वाटलं असतं. पण राग धरावा असं समोर कोणी नव्हतंच. पोरीनं जीव वाचवला होता, त्याची किंमत हातावर घेऊन ती समोर बसली होती. आणि त्याला दात मारायला शिकवलं कोणी? स्वतःच्या झोपेसाठी आपणच त्याला तयार केलं, हे मुक्ताईला त्या खाटेवर लख्ख कळलं.

मग ती विश्रांतवाडीला गेली. निवारा चांगला होता, खोटं कशाला सांगा. लोखंडी खाट, गरम पाणी, डाळभात, आणि दाराला कडी. नम्रतानं ग्रुपवर टाकलं, 'मावशी सुखरूप,' त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली. दत्तप्रसाद काकांनी नवी कोरी रजई पाठवली. वर चिठ्ठी होती, 'कृपया परत करण्याची तसदी घेऊ नये.' दीड वर्ष गल्लीला जे हवं होतं ते झालं होतं. मुक्ताईला छप्पर मिळालं, कुत्रा गेला, फुटपाथ मोकळा झाला. फक्त मुक्ताई त्या रजईत पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहायची आणि शेजारणीनं कूस बदलली तरी दचकायची.

दहा दिवस भरल्यावर नम्रताचा फोन आला. चावणाऱ्या कुत्र्यांना दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या एका कायमच्या जागी नेणार होते. आज एकदा भेटू देतील, ती म्हणाली. ती गाडी करून मुक्ताईला घेऊन गेली, पण स्वतः फाटकाबाहेर गाडीतच बसली.

पिंजऱ्यांची देखभाल सीताराम नावाचा माणूस करायचा. "तुमचा व्हय तो? खात न्हाय हो काय," तो चालता चालता म्हणाला. "चार दिस झालं. नुसतं पानी."

मुकादम कोपऱ्यात पडला होता. बरगड्या मोजता येत होत्या. स्वेटर काढलेला, गळ्यात नंबराचा बिल्ला. मुक्ताईचा वास आला तसा तो उठला, आणि भुंकायचं विसरून नुसता थरथरत उभा राहिला. सीतारामनं दार उघडून तिला आत घेतलं. तिनं निवाऱ्यातून पदराखाली दोन पोळ्या आणल्या होत्या. एक तिनं मोडून मोडून भरवली. त्यानं तिची बोटंसुद्धा चाटून साफ केली. मग तिच्या मांडीवर डोकं टाकून तो झोपून गेला, आणि मुक्ताईलाही, पिंजऱ्याच्या त्या ओल्या फरशीवर बसल्या बसल्या, कित्येक दिवसांनी पेंग आली.

"बाई, चला आता," सीताराम म्हणाला. "सकाळी लवकर गाडी लागती. तिकडं भेटायला न्हाय सोडत कुनाला."

ती उठली तसा मुकादमही उठला आणि तिच्या पायाला लागून दाराशी आला. निघायचं, असंच त्याला वाटलं. सीतारामनं त्याच्या गळ्यात दोरी टाकली. मुकादमनं हिसका दिला, दुसरा दिला, मग त्यानं असा काही गळा काढला की आजूबाजूच्या सगळ्या पिंजऱ्यांत कल्लोळ उठला. सीतारामनं भिंतीला लावलेला फासाचा दांडा उचलला.

"थांबा," मुक्ताई म्हणाली. "मारू नका."

फुटपाथवर असताना रोज सकाळी ती कोपऱ्यावरच्या सार्वजनिक संडासात जायची. तेव्हा ती अंथरुणावर बोट ठेवून मुकादमला दोनच शब्द सांगायची, आणि ती परत येईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. एकदा पाणी नव्हतं म्हणून दोन तास लागले होते. तो बसून होता. समोर कोणी टाकलेलं बिस्कीटही तसंच होतं. राखणीला बसल्यावर तो खायचा नाही. आणि रोज ती परत यायची, त्याला आजवर तिनं कधी फसवलं नव्हतं.

तिनं अंगावरची शाल काढली, कोपऱ्यात नीट चौकोनी अंथरली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "आलीच."

मुकादमचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. तो शालीवर जाऊन बसला, ताठ, कान उभे करून. सीतारामनं दोरी काढली, दाराची कडी लावली आणि थक्क होऊन बघत राहिला. "हे भारी केलं, बाई," तो म्हणाला. उरलेली पोळी त्यानं जाळीतून आत सरकवली. "खा की रे लेका आता."

मुकादमनं पोळीकडे पाहिलं नाही.

"तो नाई खानार," मुक्ताई म्हणाली.

"कवापर्यंत?"

मुक्ताईनं पदर तोंडाला लावला आणि ती फाटकाकडे चालायला लागली. मागून एकही आवाज आला नाही. गाडीत नम्रतानं तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं.

"कसा होता, मावशी? खूप त्रास दिला का निघताना?"

"नाई," मुक्ताई म्हणाली. "शांत बसला हाये."