शांती द्यायची नवी पद्धत

फादर रणजितनी कोरोनात एक नियम केला, आणि कोरोना गेला तरी तो नियम काही गेला नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की आपापल्या जागी उभं राहायचं, वेदीकडे बघून हात जोडायचे, झालं. पूर्वी शेजारच्याच्या दोन्ही हातांत आपले हात ठेवायची रीत होती. नव्या पद्धतीने यमुनाचा नुसता जळफळाट व्हायचा. वेदीला कसली शांती देता? वेदीशी कुणाचं भांडण असतं?

यमुनाचं भांडण होतं सख्ख्या बहिणीशी. दोघी श्रीरामपूरच्या ख्रिस्ती घरातल्या, दोघींचे नवरे रेल्वेत, आणि बदल्या होऊन दोघी जयपुरात. आई गेली तेव्हा यमुना माहेरी होती. रूपाली मातीला पोहोचू शकली नाही. ताईने मुद्दाम उशिरा कळवलं, असं रूपालीचं म्हणणं. निघायला हिच्याच जिवावर आलं होतं, असं यमुनाचं. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. फक्त रविवारी यमुना चर्चमध्ये हट्टाने रूपालीच्या बाकावर जाऊन बसायची, आणि शांतीच्या वेळी रूपाली तोंड वाकडं करून का होईना, ताईच्या हातांत हात ठेवायची. एवढ्यावर नातं तग धरून होतं.

फादरनी तेही काढून घेतलं. वर मिस्सा यूट्यूबवर दाखवायला लागले. म्हणे आजाऱ्यांसाठी. चांगली धडधाकट माणसं घरी पाय पसरून बघायला लागली. रूपालीने तर चर्चची वाटच सोडली.

यमुनाने एका रविवारी फादरना दारातच गाठलं.

"फादरजी, मेरी बहन को वापस बुलाओ."

"वो घर से जुड़ती हैं, यमुनाजी. श्रद्धा तो मन की बात है."

"मन का आप देख लो. मुझे उसके हाथ चाहिए."

फादर हसले. त्या हसण्याने तर यमुनाचं डोकंच फिरलं.

पुढच्या रविवारी नवरा चर्चला निघाला आणि ही ई-रिक्षात बसून बनी पार्कला रूपालीच्या घरी गेली. दार रूपालीनेच उघडलं, पण ये म्हणाली नाही. यमुना सरळ आत शिरली. टीव्हीवर मिस्सा चालू होती आणि बाईसाहेब गाऊनवरच मटार सोलत बसल्या होत्या. यमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती तोंड आवळून सोफ्यावर बसली. रूपालीही ताट मांडीवर घेऊन पुन्हा सोलायला लागली.

टीव्हीतून फादर म्हणाले, "एक-दूसरे को शांति दीजिए."

यमुना उठली आणि तिने दोन्ही हात बहिणीपुढे केले.

रूपालीने त्या हातांकडे नुसतं पाहिलं. "राहू दे ताई. इथं कोण बघतंय?"

"म्हणजे?"

"तिथं लोक असायचे. नाही म्हटलं असतं तर तमाशा झाला असता, म्हणून द्यायचे. मनापासून एकदाही दिले नाहीत."

तिच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून द्यावी असं यमुनाला वाटलं. इतकी वर्षं ती रविवारची वाट बघत आली होती. या हातांत थोडी तरी माया असेल, या आशेवर आठवडा काढत होती. डोळे भरून आले, आणि ते भरून आले म्हणून तिला आणखीच संताप आला. तिने टीव्ही बंद केला.

"संध्याकाळची मिस्सा आहे. साडी नेस आणि चल. माझ्या शेजारी बसायचं."

"आता तिथं हात देत नाहीत, जोडतात."

"फादरचं मी बघते. सगळे हात जोडतील तेव्हा तू माझ्या हातांत दे." यमुनाचा आवाज चिरकला. "लोकांच्या देखत दे, लाजेकाजेस्तव दे, दात-ओठ खात दे. मला तेवढी शांती पुरते."