अनहेझिटेटिंगली

तंजावुरात परदेशी टीव्हींचं नवं दुकान निघालं, त्या वर्षी मराठी घरातल्या भामाला तिथे नोकरी लागली. वय बेचाळीस. उद्घाटनाचं भाषण तिनेच आणि इंग्रजीतच करावं, हा मालक सतीशकुमारचा हट्ट. भाषण पाच ओळींचं, पण चौथ्या ओळीत एक शब्द अजगरासारखा आडवा पडलेला : अनहेझिटेटिंगली. बिघडलेला टीव्ही दुकान मागेपुढे न पाहता बदलून देईल, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

भामाने थोरल्या भावाला गाठलं. वेंकटरावअण्णांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी पाटीवर शब्दाचे तुकडे पाडले.

"मूळ शब्द हेझिटेट, म्हणजे कचरणं. पुढे इंग लाव, त्याच्यामागून ली. डोक्यावर अन् बसव, की कचरणं गेलं! अन्, हे, झि, टे, टिंग, ली. जोर 'हे'वर."

"ली कशाला, अण्णा? मी बाई म्हणून? बसली, उठली, तशी?"

"मालक बोलला तरी लीच!" अण्णा वैतागले. "तिथे 'टिंगला' म्हणालीस तर माझी बहीण म्हणून सांगू नकोस."

आठ दिवस भामा सहा तुकडे जुळवत राहिली. बसमध्ये कंडक्टरने कुठे उतरणार विचारलं, तर ती "टिंग-ली" म्हणाली.

उद्घाटनाला तीन ओळी झरझर गेल्या. चौथीला तिने दम घेतला, 'हे'वर सगळा जोर दिला, "अन्-हे!" आणि उरलेले चारही तुकडे पळून गेले.

तमिळमध्ये थोरल्या भावाला, आणि मानाने कुणाही पुरुषाला, 'अण्णे' अशीच हाक मारतात. मागे वायर जोडत बसलेल्या माइकवाल्या नटराजला वाटलं, बाई आपल्यालाच बोलावतात. "काय अक्का?" करत तो धावत आला, माइक ठोकून पाहिला आणि त्यातूनच जाहीर केलं, "माइक ठीक आहे!" मंडपात हशा उसळला.

भामाचे कान तापले. तिने कागदाची घडी घातली आणि सरळ तमिळमध्ये सांगून टाकलं, "टीव्ही बिघडला तर घेऊन या. एक शब्द न विचारता नवा देऊ!"

टाळ्या इतक्या पडल्या की सतीशकुमारनेही वाजवल्या. आपण काय कबूल केलं ते त्याला नंतर उमजलं.

दुसऱ्या दिवशी दारात अकरा जण. कुणाच्या सायकलला दुसऱ्याच दुकानातला टीव्ही बांधलेला, तर एका आजोबांच्या हातात मुका रेडिओ.

"आता तुम्हीच निस्तरा!" मालक म्हणाला.

भामाने दुपारपर्यंत समजुती काढल्या. दहा जण गेले. आजोबा मात्र बाकावरून हलेनात. शेवटी तिने कारागीर बोलावून रेडिओ उघडवला. आत पालीची चार अंडी निघाली. संध्याकाळी रेडिओ गाऊ लागला, आणि आजोबा सतीशकुमारला बजावून गेले, "ही बाई सोडू नका."